लहान मोटारीच्या टायर व चाकाच्या आकारातील बदल आणि त्यांचे परिणाम : नाशिक परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

लहान मोटारींना मूळ आकारापेक्षा मोठे, रुंद किंवा कमी उंचीच्या भिंतीचे टायर बसविण्याची प्रवृत्ती शहरी व ग्रामीण अशा दोन्ही भागांत आढळते. हा बदल बहुधा शोभेचा किंवा सोयीचा समजला जातो. वस्तुतः टायरचा बाह्य व्यास हा इंजिनापासून रस्त्यापर्यंतच्या शक्तिवहनातील अखेरचा दुवा आहे. तो बदलला की वेगमापक, अंतरमापक, चढण्याची क्षमता आणि ब्रेकचा प्रभाव ही सर्व गणिते एकाच वेळी बदलतात. प्रस्तुत लेखात मारुती ८००, अल्टो, स्विफ्ट व टाटा नॅनो या परिचित मोटारींच्या आकड्यांच्या आधारे या परिणामांचे विवेचन केले असून कसारा घाट, इगतपुरीचा पाऊस व समृद्धी महामार्ग या स्थानिक परिस्थितीशी त्यांचा संबंध जोडला आहे. शेवटी निवडीचे काही निकष सुचविले आहेत.

बीजशब्द : टायर, रिम, बाह्य व्यास, लहान मोटार, घाटरस्ता, ब्रेक, भारनिर्देशांक.

१. प्रस्तावना

नाशिक हे मोटार उद्योगाशी निकटचा संबंध असलेले शहर आहे. सातपूर औद्योगिक वसाहतीत टायर तयार करणारा सीएट कंपनीचा कारखाना आहे. महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यातून २००७ साली लोगान ही मोटार बाहेर पडली व पुढे तीच व्हेरिटो या नावाने ओळखली गेली. असे असूनही सर्वसामान्य मोटारमालक टायरकडे सहसा दोनच प्रसंगी लक्ष देतो : टायर पंक्चर झाल्यावर आणि तो गुळगुळीत झाल्यावर. या दुसऱ्या प्रसंगी, म्हणजे नवे टायर घेताना, ‘थोडा मोठा टायर टाकला तर काय बिघडते?’ हा प्रश्न हमखास उपस्थित होतो.

या प्रश्नामागील कारणे नाकारण्याजोगी नाहीत. लहान मोटारीची जमिनीपासूनची उंची कमी असते. गतिरोधकांवर व शेतरस्त्यांवर तिचा तळ घासतो. बारा इंची टायर सर्वच दुकानांत सहज मिळत नाहीत. रुंद टायर व अलॉय व्हीलमुळे गाडी भारदस्त दिसते, हेही खरे. परंतु मोठ्या मोटारीत जो बदल सहज पचतो, तो लहान मोटारीला जड जातो. तिच्या इंजिनाची शक्ती बेताची, ब्रेक लहान व वजन कमी असते. तिच्या रचनेत कोणत्याच घटकाला फारसा शिलकी वाव ठेवलेला नसतो. म्हणून प्रस्तुत विवेचन लहान मोटारीपुरते मर्यादित ठेवले आहे.

२. टायरवरील आकड्यांचा अर्थ

टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘१४५/७० आर १२’ अशी अक्षरे असतात. यातील १४५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये दर्शवितो. ७० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या ७० टक्के आहे. ‘आर’ हे अक्षर टायर रेडियल रचनेचा असल्याचे सांगते आणि १२ हा रिमचा व्यास इंचांत असतो. एकाच खुणेत मिलिमीटर, टक्केवारी व इंच अशी तीन परिमाणे एकत्र आल्याने सामान्य ग्राहकाचा गोंधळ होतो. विशेषतः मधला आकडा लांबी दर्शवीत नसून प्रमाण दर्शवितो, ही गोष्ट दुर्लक्षित राहते. परिणामी, रुंदी वाढवून तोच मधला आकडा ठेवला तर भिंतीची उंचीही आपोआप वाढते.

टायरचा बाह्य व्यास काढण्याची रीत सोपी आहे. रुंदीला भिंतीच्या टक्केवारीने गुणावे, येणाऱ्या उंचीची दुप्पट करावी व तीत रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये (१ इंच = २५.४ मि.मी.) मिळवावा. मारुती ८०० च्या १४५/७० आर १२ या टायरची भिंत १०१.५ मि.मी. उंच असते. तिची दुप्पट २०३ मि.मी. आणि रिमचा व्यास ३०४.८ मि.मी. मिळून बाह्य व्यास ५०७.८ मि.मी. होतो. याच रीतीने काढलेले काही आकडे पुढील कोष्टकात दिले आहेत.

कोष्टक १ : काही टायरांची तुलना

| टायरचा आकार | भिंतीची उंची (मि.मी.) | बाह्य व्यास (मि.मी.) | दर किलोमीटरला फेरे |
|---|---|---|---|
| १४५/७० आर १२ | १०१.५ | ५०७.८ | ६२७ |
| १४५/८० आर १२ | ११६.० | ५३६.८ | ५९३ |
| १५५/६५ आर १३ | १००.८ | ५३१.७ | ५९९ |
| १६५/८० आर १४ | १३२.० | ६१९.६ | ५१४ |
| १८५/६५ आर १५ | १२०.३ | ६२१.५ | ५१२ |
| १९५/५५ आर १६ | १०७.३ | ६२०.९ | ५१३ |

प्रत्यक्षात भाराखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे रस्त्यावरील फेरे किंचित अधिक भरतात. तथापि दोन टायरांतील परस्पर प्रमाण पाहण्यास हे आकडे पुरेसे आहेत.

कोष्टकातील चौथी व पाचवी ओळ विशेष लक्षणीय आहे. २०११ साली आलेल्या स्विफ्ट मोटारीच्या साध्या प्रकारांना १६५/८० आर १४ व वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५ हे टायर कंपनीनेच दिले होते. रुंदी, भिंत आणि रिम ही तिन्ही परिमाणे येथे बदललेली आहेत, परंतु बाह्य व्यासातील फरक २ मि.मी.हूनही कमी, म्हणजे सुमारे ०.३ टक्के आहे. उत्पादक रिम बदलतो तेव्हा बाह्य व्यास मात्र कटाक्षाने कायम राखतो. याचे कारण पुढील विभागात स्पष्ट होईल.

३. बाह्य व्यास : शक्तिवहनातील अखेरचा गिअर

इंजिनाचे फिरते बल गिअरबॉक्समधून चाकाच्या आसापर्यंत येते. तेथून ते रस्त्यावर पोहोचते ते टायरच्या त्रिज्येच्या मार्फत. आसावरील बल तेच राहिले आणि त्रिज्या वाढली, तर रस्त्यावरील रेटा त्याच प्रमाणात कमी होतो. दात असलेल्या चक्रांच्या बाबतीत आपण ज्याला गिअरचे गुणोत्तर म्हणतो, तेच काम येथे टायरची त्रिज्या करते. यास्तव मोठ्या व्यासाचा टायर बसविणे म्हणजे गाडीचे सर्व गिअर एकदम ‘लांब’ करणे होय.

मारुती ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ या काळात तयार होत होती आणि तिच्या जुन्या गाड्या आजही रस्त्यांवर दिसतात. तिला अल्टोचे १४५/८० आर १२ हे टायर बसविता येतात, कारण रिम तोच असतो. बदल केवळ मधल्या आकड्यात असल्याने तो किरकोळ वाटतो. परंतु कोष्टकानुसार बाह्य व्यास २९ मि.मी.ने, म्हणजे ५.७ टक्क्यांनी वाढतो. या एका उदाहरणाच्या आधारे परिणाम क्रमाने पाहू.

३.१ वेग व अंतर

वेगमापक व अंतरमापक ही दोन्ही उपकरणे रस्ता मोजत नाहीत, ती फेरे मोजतात. टायर मोठा झाल्यावर प्रत्येक फेऱ्यात गाडी अधिक पुढे जाते, पण उपकरणाला त्याची जाणीव नसते. मूळ टायरवर अचूक दाखविणारा वेगमापक ताशी ६० किमी दाखवील तेव्हा खरा वेग ६३.४ किमी असेल आणि ८० दाखवील तेव्हा तो ८४.६ किमी असेल.

वेगमापक खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक विनियम क्र. ३९ मध्ये मांडलेले आहे. म्हणूनच उत्पादक वेगमापक मुळातच किंचित पुढे दाखवील असा ठेवतात. मोठा टायर हा राखीव वाव खाऊन टाकतो. सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अशा मार्गावर कमाल वेगमर्यादेच्या जवळ गाडी चालविणाऱ्याला आपण मर्यादा ओलांडली आहे हे अशा वेळी कळणारही नाही.

अंतरमापकाच्या बाबतीतही असाच परिणाम दिसतो. नाशिक ते मुंबई हे अंतर सुमारे १७० किमी धरले तर मोठ्या टायरची गाडी ते १६१ किमी दाखवील. या प्रवासात ८.५ लिटर पेट्रोल लागले असेल तर खरे ॲव्हरेज लिटरला २० किमी असूनही मालकाच्या हिशोबात ते १८.९ भरेल. म्हणजे टायर बदलल्यानंतर ‘ॲव्हरेज पडले’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचा काही भाग मोजमापातील चुकीचा असतो व काही भाग खरा असतो. दोन्हींची फारकत करण्यासाठी मैलांच्या दगडांवरून किंवा उपग्रहाधारित नकाशावरून अंतर तपासणे आवश्यक ठरते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. अशा टायरवर अंतरमापकात ८०,००० किमीची भर पडली असेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे ८४,६०० किमी चाललेली असते.

३.२ चढ

नाशिकहून मुंबईस जाणारा जुना मार्ग कसारा घाटातून, म्हणजेच थळ घाटातून उतरतो. या घाटातील रेल्वेमार्गाचा चढ ३७ मध्ये १ इतका आहे आणि तेवढ्यासाठीही गाडीला मागून जादा इंजिने लावण्याची पद्धत आहे. रस्त्यांचे चढ त्याहून तीव्र असतात. उदाहरणादाखल १५ मध्ये १ असा चढ व माणसे-सामानासह १००० किलो वजनाची लहान मोटार घेऊ.

चढावर वजनाचा मागे ओढणारा घटक सुमारे ६५० न्यूटन, टायरचा लोटणविरोध सुमारे १२० न्यूटन व ताशी ४० किमी वेगाला हवेचा विरोध सुमारे ५० न्यूटन धरला, तर एकूण ८२० न्यूटन रेटा लागेल. हा रेटा टायरच्या आकारावर अवलंबून नाही. परंतु तो निर्माण करण्यासाठी आसावर लागणारे फिरते बल मूळ टायरवर सुमारे २०८ न्यूटन-मीटर, तर मोठ्या टायरवर सुमारे २२० न्यूटन-मीटर होते. मोठ्या इंजिनाच्या गाडीत ही वाढ जाणवणारही नाही. ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला मात्र, वातानुकूलन चालू असताना, ती तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आणण्यास पुरेशी ठरते. गिअर उतरला की इंजिनाचे फेरे वाढतात, पेट्रोल अधिक जाते व क्लचचे काम वाढते. ॲव्हरेजमधील खरी घट ती हीच.

सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी झाल्याने थोडा लाभ होऊ शकतो, हेही नमूद केले पाहिजे. तथापि नाशिक जिल्ह्यात कसारा, सप्तशृंगगड, पेठ यांसारखे चढाचे रस्ते दैनंदिन वापरात आहेत. त्यामुळे हा लाभ टिकून राहत नाही.

३.३ उतार व ब्रेक

चढापेक्षाही उताराचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथे पेट्रोलचा नव्हे तर जीविताचा संबंध येतो. ब्रेक आसावर विरोधी बल लावतात व ते बलही त्रिज्येच्या मार्फतच रस्त्यावर पोहोचते. पायाचा दाब तोच ठेवला तर ५.७ टक्के मोठ्या टायरवर रस्त्यावरील रोधक बल ५.४ टक्क्यांनी घटते. मूळ टायरवर विशिष्ट दाबाने ४० मीटरमध्ये थांबणारी गाडी त्याच दाबाने सुमारे ४२.३ मीटरमध्ये थांबेल. हा सव्वादोन मीटरचा फरक म्हणजे पुढील गाडीशी टक्कर होणे वा न होणे यांमधील अंतर होऊ शकते. चालक अधिक जोराने ब्रेक दाबून ही तूट भरून काढू शकतो, परंतु ओल्या रस्त्यावर किंवा अचानक प्रसंगी त्याची सवय मूळ टायरचीच असते.

आता उष्णतेचा विचार करू. १००० किलो वजनाची मोटार ३०० मीटर उंची उतरली तर सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेत साधारणतः नऊ लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. ही ऊर्जा हवेचा विरोध, टायर, इंजिन व ब्रेक यांनी मिळून शोषून घ्यावयाची असते. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीचे इंजिन यातील मोठा वाटा उचलते. टायर मोठा असल्यास त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात व त्याचा रोध आसापासून रस्त्यापर्यंत पोहोचताना आणखी घटतो. उरलेला भार लहान आकाराच्या ब्रेकवर पडतो. ब्रेक तापून त्यांची पकड सैल पडण्याचा धोका याच मार्गाने वाढतो.

४. रुंदी व भिंतीची उंची

बाह्य व्यास कायम ठेवून रुंदी वाढविली व भिंत कमी केली तर वरील बहुतेक परिणाम टळतात. मात्र तेथे दुसऱ्या प्रकारचे परिणाम सुरू होतात.

रुंद टायरमुळे रस्त्याशी संपर्काचे क्षेत्र खूप वाढते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णांशाने बरोबर नाही. चाकावरील भाराला हवेच्या दाबाने भागले असता संपर्कक्षेत्राचा ढोबळ अंदाज मिळतो. भार व दाब तेच असतील तर क्षेत्र जवळपास तेवढेच राहते, बदलतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट व रुंद टायरचा ठसा आडवा असतो. आडव्या ठशामुळे कोरड्या रस्त्यावर वळणे घेताना पकड व चपळता सुधारते, हा रुंद टायरचा खरा गुण आहे. लहान मोटारीच्या सामान्य वापरात या गुणाची गरज क्वचितच भासते.

पावसात चित्र बदलते. इगतपुरी परिसरात वर्षाला ३००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. साचलेल्या पाण्यातून जाताना टायरला आपल्या समोरील पाणी बाजूला सारावे लागते. ते वेळेत सारले गेले नाही तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निष्प्रभ होतात. नासा या अमेरिकी संस्थेत वॉल्टर हॉर्न व सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात केलेल्या अभ्यासातून असे दिसले की तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. मूळ विमानांच्या टायरसाठी असलेल्या त्या सूत्रानुसार ३० पीएसआय दाबाला तो वेग ताशी सुमारे ९१ किमी, तर २४ पीएसआयला सुमारे ८२ किमी येतो. मोटारीच्या टायरमध्ये नक्षीची खोली व ठशाचा आकारही महत्त्वाचा असतो. रुंद टायरला अधिक पाणी सारावे लागते. हलक्या गाडीला रुंद टायर आणि त्यात ‘गाडी आपटू नये’ म्हणून कमी ठेवलेली हवा, हा संयोग पावसाळ्यात सर्वांत धोक्याचा समजावा.

भिंतीची उंची ही टायरमधील हवेची गादी होय. १६५/८० आर १४ ऐवजी १९५/५५ आर १६ बसविल्यास व्यास जवळपास तोच राहतो, पण भिंत १३२ मि.मी.वरून १०७ मि.मी.वर येते. खड्ड्यात चाक आदळल्यावर टायर दबण्यास जी जागा मिळत होती, ती जवळजवळ एक इंचाने कमी होते. परिणामी खड्ड्याची धार रिमपर्यंत पोहोचते. रिमची कड वाकते, भिंतीतील धागे तुटून तेथे फुगा येतो आणि तो धक्का पुढे शॉकॲब्जॉर्बर व सस्पेन्शनच्या बुशांपर्यंत जातो. पावसाळ्यानंतरच्या आपल्याकडील रस्त्यांची अवस्था विचारात घेता उंच भिंत हा लहान मोटारीचा दोष नसून तिचे संरक्षण आहे.

५. चाकाचे वजन, बसण्याची जागा व नटांचे वर्तुळ

अलॉय व्हील नेहमीच हलके असते, हाही एक प्रचलित समज आहे. त्याच आकाराच्या पोलादी रिमशी तुलना केल्यास तो अनेकदा खरा ठरतो. परंतु बारा किंवा तेरा इंची पोलादी रिमच्या जागी पंधरा इंची अलॉय व रुंद टायर आल्यास एकूण वजन वाढण्याचीच शक्यता अधिक असते. फिरणाऱ्या चाकाच्या कडेला असलेले वजन पुढेही जाते व फिरतेही, म्हणून वेग वाढविताना ते जवळपास दुपटीने जाणवते. प्रत्येक चाकाच्या कडेला दीड किलो वाढले तर चार चाकांचे सहा किलो हे सुमारे बारा किलोंइतके ओझे ठरते. शिवाय स्प्रिंगच्या खाली असलेले हे वजन खडबडीत रस्त्यावर चाकाला जमिनीला धरून राहू देत नाही.

रिमची बसण्याची जागा, म्हणजे ऑफसेट, हा बाहेरून न दिसणारा घटक आहे. चाक मूळ जागेपेक्षा बाहेर आले तर बेअरिंगवरील तरफेची लांबी वाढते, खड्ड्यांतून स्टिअरिंगला झटके बसतात आणि पूर्ण वळविल्यावर किंवा गाडी भरल्यावर टायर मडगार्डला घासतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत ती वळविणेही जड होते.

नटांचे वर्तुळ सर्व गाड्यांत सारखे नसते. मारुती ८०० व अल्टो ८०० यांच्या चार नटांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मि.मी., तर स्विफ्टचा १०० मि.मी. आहे. म्हणून एका गाडीचे रिम दुसरीला थेट बसत नाही. नवी भोके पाडून किंवा स्पेसर घालून ते बसविण्याचा प्रकार सर्वथा टाळावा, कारण चाकाचा सारा भार अखेरीस त्या चार नटांवरच असतो.

६. भारनिर्देशांक : मोठे दिसणे व अधिक वाहणे यांतील फरक

आकाराच्या खुणेनंतर ‘७४ एस’ अशी एक लहान खूण असते. तिच्याकडे जवळपास कोणीच पाहत नाही. यातील आकडा टायर किती भार वाहू शकतो ते, तर अक्षर कमाल वेग सांगते. निर्देशांक ७३ म्हणजे ३६५ किलो, ७४ म्हणजे ३७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किमी व ‘टी’ म्हणजे १९० किमी.

अल्टो ८०० च्या १४५/८० आर १२ या टायरचा निर्देशांक ७४ असतो. त्याऐवजी तेरा इंची रिमवर १५५/६५ आर १३ बसविल्यास टायर रुंद व रिम मोठा दिसतो, बाह्य व्यासही केवळ एक टक्क्याने कमी होतो. पण या टायरचा निर्देशांक ७३ आहे. म्हणजे अधिक भक्कम दिसणारा टायर प्रत्येक चाकामागे १० किलो कमी वाहतो. कारण उघड आहे : भार रबर वाहत नाही, बंदिस्त हवा वाहते आणि भिंत कमी झाल्याने हवेला जागा कमी उरते. चार प्रवासी व सामान घेऊन उन्हाळ्यात लांबचा द्रुतगती प्रवास करणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक उपेक्षणीय नाही. अतिभार व कमी हवा यांमुळे भिंत सतत वाकते, तापते आणि टायर फुटण्यास तेच प्रमुख कारण ठरते.

आकार हा अभियंत्याच्या हाती संतुलनाचे साधनही असतो. २००९ साली आलेल्या टाटा नॅनोचे इंजिन मागे होते, त्यामुळे मागील चाकांवर अधिक भार येई. तिला पुढे १३५/७० आर १२ व मागे १५५/६५ आर १२ असे वेगवेगळे टायर दिलेले होते. ते एकसारखे करण्याचा मोह झाला तर वळणावरील स्थैर्यासाठी साधलेला समतोलच ढळतो.

७. कायदेशीर बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी व नियम ९५ टायरचा आकार व प्लाय रेटिंग यांविषयी आहे. मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मि.मी.पेक्षा कमी नसावी, असे बंधन आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरफारांसंबंधी आहे. उत्पादकाने मूळात निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात अधोरेखित केले. तो निवाडा टायरसंबंधी नव्हता, तरी तत्त्व व्यापक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही असा बदल वादाचा मुद्दा ठरू शकतो.

८. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून लहान मोटारीच्या मालकास पुढील निकष उपयोगी पडतील.

(१) चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आकार हाच पहिला पर्याय मानावा. बदल करावयाचाच असल्यास त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेला आकार व रिम निवडावे.

(२) बाह्य व्यासातील फरक शक्यतो दोन टक्क्यांच्या आत ठेवावा. तो काढण्यास कागद-पेन्सिल पुरेशी आहे.

(३) भारनिर्देशांक व वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे नसावे.

(४) टायरच्या रुंदीला साजेशा रुंदीचे, मूळ ऑफसेटचे व मूळ नटवर्तुळाचेच रिम घ्यावे.

(५) चारही टायर व स्टेपनी यांच्या आकारांचा मेळ ठेवावा. एकाच आसावर दोन भिन्न व्यासांचे टायर असल्यास डिफरन्शियल सतत काम करीत राहते, तसेच चाकांच्या फेऱ्यांची तुलना करणाऱ्या एबीएस यंत्रणेला चुकीची माहिती मिळते.

(६) आकार बदलल्यावर हवेचा दाब त्या आकारासाठी निर्दिष्ट केलेलाच ठेवावा, तो थंड टायरवर तपासावा आणि व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.

(७) गाडीचा तळ घासणे ही अडचण असेल तर प्रथम थकलेल्या स्प्रिंग व शॉकॲब्जॉर्बरची तपासणी करावी. व्यास २९ मि.मी.ने वाढविला तरी जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मी, म्हणजे साडेचौदा मि.मी. एवढीच वाढते. तेवढ्यासाठी ब्रेक व चढाची क्षमता गमावणे श्रेयस्कर नाही.

९. निष्कर्ष

टायरचा आकार हा गाडीच्या पोशाखाचा भाग नसून तिच्या यंत्ररचनेचा भाग आहे. बाह्य व्यास बदलला की सर्व गिअर, ब्रेक व मोजमापे एकदम बदलतात. व्यास राखून रुंदी व भिंत बदलली की पावसातील पकड, खड्ड्यांतील टिकाव व भार वाहण्याची क्षमता बदलते. लहान मोटारीत शक्ती व ब्रेक दोन्ही बेताचे असल्याने पाच-सहा टक्क्यांचा फरकही घाटात प्रकर्षाने जाणवतो. उत्पादकांनी एकाच मोटारीला दोन वेगवेगळ्या रिमचे टायर देताना बाह्य व्यास जवळपास अचल ठेवला आहे. तोच धडा ग्राहकाने घ्यावा. टायर विकत घेताना त्याच्या भिंतीवरील आकडे वाचून तीन ओळींचा हिशोब मांडणे हे काम पाच मिनिटांचे आहे, परंतु त्यावर कसाऱ्याच्या उतारावरील कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असते.